रंगाला धक्का लागता कामा नये

— अहो साहेब, त्या स्टुलावर नका... बसलात? बसलातच. बरं, आता बसलाच आहात तर निवांत बसा, उठू नका. चहा टाकलाय. नको कसा? जप्तीला आलेल्या माणसाने चहा घेऊ नये, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय का? तुमच्या दोघा हमालांनाही घोटघोट देते, उगीच दाराशी खांबासारखे उभे आहेत. मशीन काही पळून जात नाही. पाय आहेत त्याला, पण ते टेबलाचे. वास? रंगाचा. पेंटरच्या घरात अत्तराचा कुठून येणार?

हो, हेच ते मशीन. विणकामाचं. हा वरचा भाग असा सर्रकन सरकवला की एक ओळ विणून होते — हात नका लावू, सुया वाकतात. शाळेच्या पोरांचे स्वेटर विणून विणून घेतलंय मी ते, लग्नाच्या आधी, माझ्या कमाईतून. पावती दाखवली होती की तुम्हाला मागच्या खेपेला. तुम्ही काय म्हणालात? "यावरचं नाव वेगळं आहे." अहो, वेगळं असणारच! लग्न झालं माझं! तुमच्या घरी बायका लग्नानंतरचं नाव लावून जन्माला येतात का? पण नाही — मशीनच्या पाठीवर दुकानाचं नाव रंगवलंय, म्हणजे मशीन दुकानाचं, आणि दुकानाचा कर थकलाय, म्हणजे मशीन तुमचं. चिकटवलीत चिठ्ठी. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते काही खोटं नाही.

आता ते नाव तिथे कसं आलं, हे तुम्ही विचारलंच नाहीत. कोणीच विचारलं नाही. मीच सांगते. आमच्या सासऱ्यांना खोड आहे. जन्मभर लोकांच्या पाट्या रंगवल्या, आणि हात मोकळा असला की घरातल्या वस्तूंवर स्वतःच्या दुकानाचं नाव. बादलीवर बघा. शिडीवर बघा. सासूबाईंच्या पत्र्याच्या ट्रंकेवर तर सावली देऊन — पिवळं अक्षर, लाल सावली. "नाव नाही ती वस्तू पोरकी," म्हणतात. मी लग्न होऊन आले, माझ्यामागून मशीन आलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर हे पाठीवर नाव! ओलं! आणि बाबा बाजूला उभे, कुंचला पुसत, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे माझ्या तोंडाकडे बघत. मी काय बोलणार? नवी सून. म्हटलं, छान आलंय बाबा. छान आलंय! जीभ झडली नाही माझी. तसं ते छानच आलंय म्हणा — ही वेलांटी बघा.

कर भरायला हवा होता, मान्य. मी कुठे नाही म्हणते? पण तुमच्या नोटिसा त्यांनी फोडल्याच नाहीत. लपवल्या नाहीत हो — खाकी पाकिटावर रंग फार छान बसतो, म्हणून अक्षरं गिरवून बघितली त्यांवर. तुमच्या खात्याच्या प्रत्येक पाकिटावर आमच्याकडे एकेक सुंदर 'क्ष' आहे. हसा, हसा. आम्हीही हसलो, तुम्ही दार वाजवेपर्यंत.

मग अपील मी केलं. नवरा म्हणाला, जाऊ दे, सरकारशी कोण भांडणार. म्हटलं, तू नको भांडूस, तू वाट दाखव, भांडते मी. शेजारणी म्हणाल्या, कानामागून आली आणि तिखट झाली. झाले! गोड राहून मशीन गेलं असतं.

सुनावणीला त्या अपिलाच्या मॅडमनी मला सरळच विचारलं — हे मशीन या घरचं की तुमचं? आणि मी म्हटलं, माझं. या घरचं नाही. या घराशी त्याचा काही संबंध नाही. असं म्हणावंच लागतं ना हो? कायद्यात दुसरं काय म्हणणार? पण मागच्या बाकावर बाबा बसले होते. त्या दिवसापासून बोलत नाहीत माझ्याशी. सासूबाईंना सांगतात, "तिला विचार, चहा झाला का." मी समोर उभी! रागाने मी टर्पेंटाइनचं फडकं घेऊन बसले, म्हटलं पुसूनच टाकते ते नाव, कटकट नको — हे पहिलं अक्षर फिकं दिसतंय ना, ते माझं काम. पुढे हात चालेना. का ते... जाऊ दे. चहात साखर कमी झाली का?

आणि अपिलात मी नुसतं मशीन नाही लिहिलं. बाबांची शिडी लिहिली, कुंचले लिहिले — माणसाची पोटापाण्याची हत्यारं उचलून नेलीत तर तो कर कशाने फेडणार? मॅडमनी ते कागदावर मनातल्या मनात वाचून मान हलवली होती. बाबांना ठाऊक नाही हे. तुम्हालाही सांगायचं नव्हतं.

घड्याळ बघताय? बघा. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू — बोलण्यात गुंतवलंच आहे तुम्हाला. अपिलाचा निकाल लागेपर्यंत काही हलवायचं नाही, असा स्थगितीचा आदेश आज हातात मिळणार आहे. आणायला कोण गेलंय माहितीये? बाबा. मी जा म्हणून सांगितलं नव्हतं. सकाळी आपणहून चपला घातल्या आणि...

थांबा. जिन्यात खोकला आला ना? त्यांचाच.

या बाबा. दाखवा साहेबांना. शिक्का बघा साहेब, सावकाश वाचा, पाकीट आज फोडलेलं आहे. — काय म्हणालात बाबा? मला? ... हो बाबा. झालाय चहा. ठेवलाय तुमचा झाकून.

हं, साहेब, झालं वाचून? मग तुमची ती चिठ्ठी तुमच्याच हाताने काढा. नखाने नको! हे घ्या ओलं फडकं. आणि जपून — त्या रंगाला धक्का लागता कामा नये.

निघालात? बरं. एक सांगायचं राहिलं — स्टुलावर बाबांनी सकाळीच नाव रंगवलंय, मी म्हणतच होते. पँटवर मागे उमटलंय, उलटं, पण वाचता येतंय. तुमच्याच नियमाने आता तुम्हीही दुकानाचे झालात. सोडतो आम्ही तुम्हाला, अपील नका करू. दार ओढून घ्या.