सुलोचनाने लिहिलेला ड्रायव्हर

करडीच्या या विहारात सुलोचनाला निरोप द्यायला जमलेल्या सगळ्यांना जय भीम. मावशी, तुमच्यासमोर उभं राहून तुमच्याच लेकीबद्दल बोलायचं, फार जड जातंय. सांभाळून घ्या.

मी कारखान्यात सुलोचनाच्या बाजूच्या टेबलावर बसायचे. चपला बाहेर काढून जायची ती कॉम्प्युटरची गार खोली. सुलोचना तिथे डिस्कचा ड्रायव्हर लिहायची. आता ड्रायव्हर म्हटल्यावर गावात काय अर्थ होणार? मावशींनी सगळ्यांना सांगितलं, पोरगी ड्रायव्हर झाली! लोक विचारायचे, "ट्रक चालवते का वो?" ती हसायची. "नाही वो काका, बैल हाकून राहिली."

थट्टाच होती, पण अगदी खोटं नव्हतं. आमच्या मशीनला माहिती साठवायच्या दोन डिस्क. जुनी सावकाश, नवी चपळ. ड्रायव्हर म्हणजे त्यांना काम सांगणारा प्रोग्राम. ती म्हणायची, "दोघींले एकाच आवाजात हाकलं त कसं जमन?"

मग तो दिवस आला. मुंबईहून पाहुणे नवी डिस्क बघायला येणार होते. ड्रायव्हर अर्धाच झालेला. साहेब म्हणाले, "दोन्हींचा प्रकार एकच लिहा आणि चालू करा."

सुलोचना उठली. "साहेब, नवीच्या मापानं जुनीवर लिहिलं त जुनं सारं पुसून जाईन. त्याच्यात लोकायची नोकरी आहे."

खरंच होती. कोण कधी लागला, कोण कायम झाला, सगळं त्या जुन्या डिस्कवर. दुसरी प्रत नव्हती.

साहेब ओरडले. घरी बसवीन म्हणाले. मी तिचा पदर ओढला. "काहून वाकडं घेतेस? लिही न."

"अन् उद्या एखादा गडी म्हणन, माही इतकी वर्षं कुठी गेली, त त्याले काय सांगू?"

मशीन बंदच राहिलं. पाहुणे चहा पिऊन गेले. तिची बदली गोदामात झाली. जाण्याआधी तिने ड्रायव्हर पुरा केला. तो आधी डिस्कला विचारतो, तू कोणत्या प्रकारची? उत्तर ओळखीचं नसलं, तर एक अक्षर लिहीत नाही. आजही तोच चालतो.

मला राग येतो. कुणी तिला शाबास म्हटलं नाही. ज्या काविळीने ती गेली, ती झाली तेव्हाही ती गोदामातच होती.

मागे सायकली टेकवून किती कामगार उभे आहात! भावांनो, तुम्हाला हे कुणी सांगितलं होतं का? नाही ना? तुमची नोकरी कागदोपत्री शाबूत आहे, कारण तिने स्वतःची पणाला लावली.

गप्प बसणं तिला कधी जमलं नाही. आज तिच्यासाठी आपण क्षणभर गप्प उभे राहू.

सुलोचना, बाई, जय भीम.