लाल दोऱ्याचे टोमॅटो

परसबाग मंडळाच्या कचेरीत बी परत करायची रांग होती. जेवढं नेलं त्याच्या दुप्पट परत द्यायचं, असा नियम. माझ्यापुढे एक नवरा-बायको होते. तिच्या हातात काठी, त्याच्या हातात टोमॅटोच्या रसाची बरणी.

"लाल दोरा बांधलेले टोमॅटो मी बियांसाठी राखले होते. तेही तोडलेत?"

"मला वाटलं, दोरा म्हणजे आधी यांचा नंबर."

"धन्य आहे तुमची! आणि बिया?"

"गाळून टाकल्या. रसात बी आलेलं तुला चालत नाही."

"चहा धड करता येत नाही, आणि अकरा बरण्या भरायला निघालात!"

"शेजारच्या वहिनींना विचारून भरल्या. एकही झाकण फुगलं नाही, बघ."

"ही कशाला आणलीत?"

"बी नाही, तर रिकाम्या हाताने कसं यायचं?"

"मी दवाखान्यातून येईपर्यंत दम धरायचा होता."

"मी धरला असता गं, टोमॅटो थांबेनात. आणि डॉक्टर तारीखच सांगेनात."

"मग भरल्या कुणासाठी?"

"लेबल वाच की."

"चष्मा नाही. तुम्हीच वाचा."

"'ती घरी आल्यावर उघडणे.'"

"सगळ्या बरण्यांवर हेच?"

"अकराही. तू येणार, हे ठाऊकच होतं मला."

"पुढचे या," खिडकीतल्या ताई म्हणाल्या. "बी आणलंत?"

"नाही हो, ताई. बियांचे टोमॅटो चुकून मीच तोडले," बायको म्हणाली.

"अगं, पण..."

"तुम्ही ती बरणी पिशवीत ठेवा. ती द्यायची नाही."