शिजलेला भात कणगीत राहत नाही

खर्र.

मंडळी, हा आवाज ओळखा. दुपारची वेळ. घरातली माणसं पानावर बसलेली, कुणी कुणाशी बोलत नाही. आणि त्या शांततेत टोपाच्या तळाला पळी घासते — खर्र. हा आवाज ज्या घरात होतो, तिथं पुढचं वाढप कुणी मागत नाही. वाढणारी मान वर करत नाही. जेवणारा म्हणतो, "माझं झालं." झालेलं नसतं हो.

तर माझा प्रश्न एवढाच. पळी तळाला लागलेली आहे आणि दारात परका उभा आहे. त्याला द्यावं का?

मागून कोण म्हणालं "द्यावं"? फार लवकर म्हणालात. देवळात सगळेच द्या म्हणतात, कारण देवळात टोप कुणाचाच नसतो. घरी जाऊन घरधनिणीसमोर म्हणा बरं!

परवा पारावर वर्तमानपत्राचं वाचन चाललं होतं. दूरदेशी समुद्र चढतोय, पूर येतात, पिकं बुडतात. तिथल्या माणसांना अन्न धाडायला, बांध घालायला सरकारी तिजोरीतला वाटा वाढवावा, अशी बातमी. आपले हरेश्वरभाऊ म्हणाले, "आधी आमची मोरी उपसा, मग परदेशाचं बघा." हसू नका. हरेश्वरभाऊंची मोरी खरंच तुंबलेली आहे, मी बघून आले. आणि तिजोरी तरी कुणाची? तुमच्या-माझ्या घरातून गेलेली चिमूट-चिमूट. ती कुठं जाते, हे विचारणं पाप नाही.

पण विचारून झाल्यावर काय करायचं? तिथं आपलं आख्यान सुरू होतं. ऐका.

एक खाडी होती. अलीकडे जुईखार, पलीकडे पालखार. खार म्हणजे समुद्राला मागं लोटून मिळवलेली भातजमीन. बांध उभा आहे तोवर भात, बांध फुटला की मीठ. दोन गावांत नुसतं पाणी, पण त्या पाण्याच्या मधोमध दोन राज्यांची शीव. राजा निराळा, नाणं निराळं, जकात निराळी. पालखारचा कोंबडा आरवला की जुईखारला जाग यायची. तरी तो परदेशातलाच कोंबडा!

आणि जुईखारची एक रीत होती. आपल्या शेतापुढचा बांध आपण सांभाळायचा नाही. तुझ्यापुढचा मी सांभाळायचा, माझ्यापुढचा तिसऱ्यानं. का? वाडवडील संत होते? छे, छे. पक्के संशयी होते. ज्याचा त्यानं सांभाळला, तर ज्याच्या घरी माणसं जास्त त्याचा बांध उंच होणार, विधवेचा बुटका राहणार. आणि उधाणाचं पाणी काही उंच बांधाशी झुंजत बसत नाही, ते बुटक्यावरून आत येतं आणि सगळ्यांचंच बुडवतं. म्हणून अदलाबदल. शिवाय रोज संध्याकाळी जो तो आपल्या शेतापुढं फेरी मारायचा — शेजाऱ्यानं माती नीट टाकली की नाही ते बघायला. कुणाचाच कुणावर विश्वास नाही, आणि बांध मात्र भक्कम!

सुगी झाली की घरटी एक वाटा गावच्या कणगीत पडायचा. बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड पडलं, की माती वाहणाऱ्यांना त्यातून जेवण.

एका वर्षी पालखारला खांड पडली. त्यांच्या शेतांत खारं पाणी शिरलं. इकडे जुईखारलाही कीड लागून पीक निम्मं आलेलं. आणि हिराजी पाटलांनी दवंडी दिली, देवळापुढं जमा.

ती दवंडी आली तेव्हाच चांगुणाच्या घरात पळी तळाला लागली होती. चांगुणा म्हणजे नामाची बायको. पदरात एक लेक, नाव बायो, दुधाचे दात पडत होते. घरात सासू. आणि चांगुणाचं माहेर? खाडीपलीकडचं, पालखारचं. आई अजून तिथंच.

देवळापुढं पाटील उभे राहिले. माणूस दिलदार. दिलदार माणसाला ढोल फार आवडतो, एवढाच दोष. म्हणाले, "एक होडीभर भात पालखारला धाडू. आणि पुढच्या सुगीपासून घरटी वाटा वाढवू. दरसाल थोडं पलीकडे जाऊ दे. बुडाल्यावर रडण्यापेक्षा बुडायच्या आधी त्यांचा बांध उंच झाला पाहिजे."

पोशा म्हात्रे उठला. "पाटील, पैलाडचा बांध उंच झाला की उधाणाचं पाणी जाईल कुठं? आपल्याच अंगावर येईल. आपल्या भातानं आपलीच खांड पाडायची?"

मंडळी, पोशाला कंजूस म्हणून सोडून देऊ नका. पाण्याला जागा लागतेच. शंका खरी होती, ध्यानात ठेवा.

कुणीतरी कुजबुजलं, "नामाच्या बायकोला विचारा. तिला तर गोडच लागेल. माहेरी होडी जातेय."

चांगुणा उभी राहिली. पदर घट्ट धरला. गावच्या सगळ्याच सुना पाटलांना मामंजी म्हणायच्या. "मामंजी, होडी धाडू नका."

पाटलांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "सूनबाई, तुझी आई आहे तिथं."

"म्हणूनच सांगते. मी लहान असताना तुमची होडी आली होती. मी काठावर उभी होते. ढोल वाजला, तुमच्या लोकांना हार घातले, भात खोताच्या वाड्यात उतरला. पावसाळ्यात तोच भात खोतानं आम्हाला उसना दिला आणि सुगीला दीडपट घेतला. तुम्ही दिलेला दाणा मी फुकट कधी चाखला नाही."

पाटलांचा चेहरा उतरला. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"विचारलं कुणी? तुमची होडी रिकामी परत आली, तुम्हाला पोचलं असं वाटलं."

अहो, रिकामी होडी! आपल्याला केवढं समाधान देते. गेलं, पोचलं, पुण्य लागलं. कुठं पोचलं? होडीला विचारा!

सभा मोडली. पोशा खूश. वाटेत नामाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुझी बायको गावातली सगळ्यांत शहाणी. वाचवलंन आपल्याला." आणि ज्यांनी एक पसाभरही द्यायचं मनात आणलं नव्हतं, ते सगळे चांगुणाचं नाव घेत घरी गेले. देऊ नका — तीच म्हणाली ना?

दुसऱ्या दिवशी दुपारी चांगुणा पेज पुढं घेऊन नुसती बसली. सासू म्हणाली, "आता काय झालं? भात गावात राहिला. तुझंच ऐकलं सगळ्यांनी."

"नाही ऐकलं, आत्याबाई. मी देऊ नका म्हटलं नव्हतं. कुठं जातं ते बघा म्हटलं होतं."

"एकच ते."

"एकच असतं तर घास उतरला असता."

हे वाक्य घरी घेऊन जा, मंडळी. संशय आणि कंजुषी दिसायला सख्खी भावंडं. कंजुषी नेहमी संशयाचं लुगडं नेसून बाहेर पडते. ओळखायचं कसं? संशय म्हणतो, चल, जाऊन बघू. कंजुषी म्हणते, बघायला कशाला जायचं, बस की घरी.

चांगुणा पेज तशीच ठेवून पाटलांच्या पडवीत गेली. "मामंजी, होडी धाडा. पण भाताबरोबर टोप धाडा, सरपण धाडा आणि माणसं धाडा. पालखारच्या बांधावरच चूल मांडू. जो माती वाहील तो जेवेल. कच्चा दाणा कुणाच्या हाती द्यायचा नाही."

"त्यानं काय होईल?"

"शिजलेला भात कणगीत राहत नाही. खोत साठवील कसा? दुसऱ्या दिवशी आंबेल."

पाटील हसले. पहिल्यांदाच ढोलाचं नाव न घेता. मग ती म्हणाली, "आणि आपली रीत खाडीपलीकडे न्यायची. त्यांच्या बांधाचा एक तुकडा आपण सांभाळायचा. आपल्या बांधाचा एक त्यांनी."

"परक्या राज्यातल्या माणसांच्या हाती आपला बांध? कुणाच्या शेतापुढचा देऊ? कोण तयार होईल?"

चांगुणा म्हणाली, "माझ्या शेतापुढचा द्या."

घरी सासू कडाडली. नामा गप्प राहणारा माणूस, पण तोही बोलला. "वाटा वाढला तर बायोच्या पानातलं जाईल. आणि वर बांधही परक्याच्या हाती. तुला खात्री आहे?"

"नाही," चांगुणा म्हणाली. "म्हणून तर रोज बघायला जाणार आहे."

निघाली होडी. खाडीच्या मध्यावर चौकीचा शिपाई आडवा आला. "माल काय?"

"तांदूळ, टोप, लाकडं."

"विकायला?"

"शिजवायला. तुम्हाला भूक असली तर तुम्हीही या."

शिपाई बिचारा डोकं खाजवत बसला. भाताला जकात होती, जेवणाला नव्हती. सोडलीन होडी.

पलीकडे खोताचा कारभारी हजर. "अरे वा, वाड्यावर उतरवा, आम्ही नीट वाटप करू."

चांगुणा म्हणाली, "तुम्हीच यायचं पंगतीला. टोपलीभर माती टाकली की पान मांडते." कारभाऱ्याच्या पांढऱ्या धोतराला तो चिखल मानवला नाही. गेला तो.

भात शिजला. वाफ उठली. आणि मंडळी, जेवायला कुणी आलं नाही!

पालखारची माणसं लांब उभी. त्यांनाही संशय आहे, तो काय तुमचीच मिरास आहे? हे परदेशचे लोक इथं येऊन शिजवतात कशाला? खाडीतली मासळी हवी असेल. जमिनीवर डोळा असेल. उद्या म्हणतील, तुमचा बांध आम्ही बांधला, आता तो आमचा. चांगुणाची आईही त्या घोळक्यात होती. लेकीकडे बघत होती, पण पाऊल पुढं टाकत नव्हती.

भात निवायला लागला. शेवटी म्हातारी पुढं आली. पोटच्या पोरीला तिनं कसं विचारलं ऐका. "बाय, तुझ्या गावाला आमच्याकडून काय पाहिजे?"

"पाहिजे आहे, आये. आमच्या बांधाचा एक तुकडा सांभाळायला माणसं पाहिजेत. माझ्या शेतापुढचा."

म्हातारीनं तिच्याकडे नीट बघितलं. मग मागं वळून म्हणाली, "या रे. हे दान नाही, ही अदलाबदल आहे." टोपलीभर माती उचलली, खांडीत टाकली, हात धुतले आणि पानावर बसली.

भीक म्हणून वाढलेला भात निवत होता. काम मागितलं तेव्हा तोच भात गोड लागला. समजलं?

त्या वर्षी दोन्ही काठांवर माती पडली. जुईखारनं घरटी वाटा वाढवला. पोशानंही दिला, कुरकुरत दिला. कुरकुरत दिलेला दाणा कमी शिजतो असं काही नाही. पालखारचे लोक होडीनं येऊन चांगुणाच्या शेतापुढचा बांध सांभाळू लागले, आणि ती रोज संध्याकाळी पायानं दाबून माती तपासायची. तिकडे तिची आई जुईखारवाल्यांनी टाकलेली माती तपासायची. मायलेकी, पण सूट नाही.

आता तुम्हाला वाटत असेल, पुढं उधाण आलं, दोन्ही बांध टिकले, जयजयकार. तसं सांगितलं असतं तर मलाही बरं वाटलं असतं.

उधाण आलं. भर दुपारी, वारा पाठीशी घेऊन. पालखारचा बांध टिकला. गाव वाचलं, चांगुणाची आई वाचली. पण पोशा म्हणाला होता ना, पाण्याला जागा लागते. जुईखारच्या अंगाला पाणी वीतभर जास्त चढलं आणि बांधाला खांड पडली. मदतीला बोलावणारा ढोल वाजायच्या आधी पालखारच्या होड्या लाटांवरून इकडे निघाल्या. सगळ्या नाही आल्या, पण पुष्कळ आल्या. छातीभर पाण्यात उभं राहून परक्या राज्यातल्या माणसांनी जुईखारची खांड बुजवली. गाव वाचलं. एक कोपरा तेवढा खारावला, होड्या पोचायच्या आत.

तो कोपरा चांगुणाचा.

त्यांनी माती कमी टाकली होती? नाही. तिनंच रोज दाबून बघितली होती. पोशाचा बांधही तेवढाच उंच होता. पाणी कुठून तरी आत येणार होतं, तिथून आलं.

तर मंडळी, परवाच्या त्या बातमीवर मी काय सांगू? दूरदेशी द्यायचा वाटा वाढवा, असं मला वाटतं. एक समुद्र आहे, आणि तो कुणाचं राज्य विचारून चढत नाही. पण डोळे मिटून द्या, असं मी म्हणणार नाही. विचारा, कुठं उतरलं? कुणाच्या वाड्यात? कुणाच्या पानात? विचारा आणि उत्तर येईपर्यंत उठू नका. आणि हरेश्वरभाऊ, उद्या सकाळी फावडं घेऊन मी तुमच्या मोरीशी येते. तुम्ही शेजारच्या मोरीशी जा. संशय घ्यायचाय ना? मग तो पायात घाला आणि चाला. डोक्याखाली घेऊन झोपू नका.

टाळ जरा धरून ठेवा. शेवटचं राहिलं.

त्या साली चांगुणाच्या शेतात दाणा आला नाही. शेजाऱ्यांनी दिलं, पालखारहून आईनं धाडलं, त्यावर घर चाललं. एके दुपारी सगळी पानावर बसलेली. कुणी बोलत नाही. चांगुणानं टोप कलता केला, लेकीला वाढायला पळी घातली.

खर्र.

बायोनं पानावरून वर बघितलं. नवे दात फुटत होते, बोलणं अजून बोबडं.

"आये, आपण आजीच्या गावाचा बांध बांधला नसता, तर आपलं शेत राहिलं असतं का?"