रिकामी लॉरी

लोणावळ्यात वाहिद मिस्त्रीच्या गॅरेजात मी बसलो होतो. भाजे गावच्या खाणीत खडी फोडणारा हौशीराम मालकाची लॉरी मागून, ड्रायव्हरला घेऊन आला होता.

“वाहिद मिस्त्री, लॉरी लय आदळती. चाकावरच्या कमानीचा एक पोलादी पाटा काढा.”

“खडीची लॉरी हाय ती. पाटा काढला तर उद्या ओझ्यानं कमान मोडंल.”

“मग काय करू?”

“रिकामी नेऊ नको. वीस पोती वाळू टाक, मऊ चालंल.”

“वजनानं मऊ चालती?”

“व्हय.”

“काल बाळंतपणाला अडलेली बायको हिच्यातनंच दवाखान्यात नेली. तिला निजता यावं म्हनून भरलेली खडी म्याच उतरवली.”

“आता कशी हाय ती?”

“तिलाच घरी न्यायचीय, मातीसाठी. आता दुखणार न्हाई तिला. तरी वाळू टाकू, मिस्त्री.”