चौथा बल्ब

परळच्या दवाखान्यात गुडघ्याच्या डॉक्टरसाठी नंबर लावून बसलो होतो. मागच्या बाकावर एक म्हातारे काका आणि त्यांना घेऊन आलेला शेजारचा भूषण बोलत होते.

"काका, आत गेल्यावर खरं सांगा. घरच्या व्यायामाच्या सायकलला किती बल्ब लावता?"

"चार."

"मी मोटार बसवून दिली तेव्हा काय सांगितलेलं? पेडल मारलं की मोटार वीज बनवते. जितके बल्ब पेटवाल, तितकी सायकल जड. तुमच्या गुडघ्यांना दोन बस झाले."

"दोनवर फार हलकी जाते रे."

"हलकीच पाहिजे ना."

"चारवर कसं, राधा मागे कॅरिअरवर बसल्यासारखी वाटते. नायगाववरून अँटॉप हिलला तिच्या माहेरी जायचो ना आम्ही, अगदी तेवढंच वजन."

"काकींना जाऊन तीन वर्षं झाली, काका."

"माहितीये."

"बरं, निदान एक तरी बल्ब काढा."

"चढ आला की ती विचारायची, उतरू का? एवढ्या वर्षांत एकदाही उतर म्हणालो नाही मी. आता म्हणू?"