मास्तरांचा उरलेला आवाज

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील थोर पाहुणे, आपल्या सर्वांचे लियाकत मास्तर, पलीकडे बसलेल्या त्यांच्या पत्नी गुलजारबी वहिनी, आणि आजच्या दिवस माग बंद ठेवून आलेल्या नाशिकच्या माझ्या विणकर बंधुभगिनींनो,

मी खंडेराव, मास्तरांचा जुना श्रोता. आज मास्तरांचा सत्कार, आणि उद्याच्या गाडीनं ते मिरजेला निघतात. घशात गाठ आहे. शस्त्रक्रियेनंतर जीव राहील, आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. मला फार दुःख होतं आहे. पण अध्यक्षांनी विषय नेमून दिला आहे, 'पुढारी होऊ पाहणाऱ्या तरुणांनी काय वाचावं?' तो टाळून कसं चालेल?

काय वाचावं? थोरांची चरित्रं वाचावीत, इतिहास वाचावा, नगरपालिकेचे कायदे वाचावेत. झोप आली तरी वाचावेत! पण कसं वाचावं, ते मास्तरांकडून शिकावं. आपण विणत बसायचो आणि मास्तर मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून वर्तमानपत्र वाचायचे. ज्याला समजलं नाही त्यानं धोटा थांबवायचा, अशी आपली रीत. एक जरी माग थांबला, तरी मास्तर तीच ओळ पुन्हा वाचत. वर्षानुवर्षं हे चाललं. तो घसा काय लोखंडाचा होता?

आपले चंदरराव एकदा म्हणाले, "मास्तर, मला पुढारी व्हायचंय. एखादं जाड पुस्तक द्या." मास्तरांनी हाती वर्तमानपत्र ठेवलं. चंदरराव गर्जत सुटले. आपल्यातले सर्वांत वयस्कर विणकर पुंजाबाबा, त्यांचा माग थांबला, मग शेजारचा, मग सगळेच. यांचं आपलं चालूच! (हसा, चंदररावही हसताहेत.) मास्तर एवढंच म्हणाले, "बेटा, मागं वळून बघ. तुज्यासंगं कोन हाय?"

पुढं मजुरी कापली गेली, आपण संप केला, तडजोडीचा मसुदा आला. तेव्हा याच चंदररावांनी तो मोठ्यानं वाचला. पुंजाबाबा "आता समजलं" म्हणेपर्यंत कोणालाही अंगठा उठवू दिला नाही. म्हणून आपल्यात फूट पडली नाही.

आता मागून आवाज येताहेत, 'मास्तरांनी दोन शब्द बोलावेत.' सत्काराला उत्तर देण्याची प्रथाच आहे, आणि मास्तर उठूही लागले आहेत. मास्तर, बसा. मी हात जोडतो. मघाशी वहिनींनी मला दारातच अडवलं. म्हणाल्या, "भाऊ, आज त्यांना बोलाया लावू नका. जेवढा आवाज उरलाय तेवढा घरी येऊ द्या. मला गुलजार म्हनून हाक मारनारं दुसरं कोनी राहिलं नाय."

बंधुहो, आपण पुष्कळ ऐकलं. आपला वाटा आपल्याला मिळाला.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, आपणा सर्वांचे आभार. उणंअधिक बोललो असेन, प्रथा मोडली असेल, तर पोटात घाला. आणि वाट सोडा. मास्तरांना घरी जाऊ द्या.