ज्याची पाठ लागली त्येलाच ठावं

लिवा पावणं, पण आधीच सांगून ठेवतो, आमच्याकडं बाया बी आलो-गेलोच म्हणत्यात, तवा माझं बोलणं सुधरत बसू नका. मी बाईमाणूस हाय एवढं वाचणाऱ्याला कळलं म्हंजे झालं. माझं नाव कुणी घेत न्हाय, सगळं उचगाव मला आक्काच म्हणतंय, कारण माझा भाऊ सदा मला आक्का म्हणायचा, त्येचं बघून समद्या गावानं धरलं. आमचा धंदा म्हशींचा. बाबा पहाटं म्हशी हाकत कोल्हापुरात न्यायचा आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यादेखत धार काढून द्यायचा, म्हंजे पाण्याचा संशयच नको. आई गेली तवा सदा रांगत होता. माझं लगीन कागलाकडं करून दिलतं, पण मालक तापानं गेला आणि सासरच्यांनी मला गाडीत बसवून परत आणून सोडली. मला मूलबाळ न्हाय. सदाच माझं मूल, काय सांगू तुमाला, भाऊ म्हणायचा आणि लेकरागत वाढवायचा.

आता कोल्हापुरात म्हशीचं दूध म्हंजे पैलवानाचं दूध. बाबाच्या गिऱ्हाइकात एका तालमीचा वस्ताद होता, लई कडक माणूस, बोलायचा कमी आणि बघायचा जास्त. त्येनं एकदा सदाला म्हशीची शिंगं धरून तिला मागं सारताना बघितलं आणि बाबाला म्हणला, हे पोरगं मला दे. बाबा म्हणला, न्या की, पण खुराकाचं कसं. वस्ताद म्हणला, दूध तुझं, माती माझी. तवापास्नं एका म्हशीचं दूध विकायचं बंद झालं, ते सदाचं. मी चरवी घेऊन तालमीच्या दारात जायचो. आत बाईनं जायचं न्हाय, दारातनं दिसायचा तो नुसता कुस्तीचा हौदा आणि त्यातली लाल माती. त्या मातीत ताक, तेल, हळद घालायचे, तिचा वास सदाच्या अंगाला कायम यायचा, आंघोळ केली तरी जायचा न्हाय.

एक गोष्ट सांगतो, ती नीट ध्यानात ठेवा, पुढं लागणार हाय. सदा नवा होता तवा त्येनं एका जोडीदाराला चितपट केलं आणि तसाच त्येच्या छाताडावर बसून ऱ्हायला, हसत. वस्तादानं कान धरून उठवला आणि आठवडाभर हौद्यात पाय ठेवू दिला न्हाय. म्हणला, पाठ लागली की कुस्ती संपली. संपल्यावर गड्याच्या अंगावर बसायचं हे दरोडेखोराचं काम, पैलवानानं उठायचं, हात द्यायचा, त्येच्या पाठीची माती झाडायची. सदा घरी येऊन रडला. मी म्हणलं, बरोबर बोलला वस्ताद, मार बसला न्हाय हे नशीब समज. पुढं सदानं किती कुस्त्या मारल्या, पण पाठ लागली की हा उठलेला असायचा, लोकांची शिट्टी-आरोळी व्हायच्या आधी ह्येचा हात खाली गेलेला असायचा. मी एक बी कुस्ती बघितली न्हाय, पण लोकं येऊन सांगायची, आक्का, तुझा भाऊ पाडतो बी झ्याक आणि उठवतो बी झ्याक.

मग ते गादीचं आलं. देशादेशांच्या कुस्त्या म्हंजे मातीत न्हाय, गादीवर. मी म्हणलं, सदा, गादीवर माणूस झोपतोय, कुस्ती कसली करतोय. तो हसला, म्हणला, आक्का, तिथं झोपवायचंच असतंय समोरच्याला. कुठंतरी शिबिराला नेलता त्येला, तिथं शिकवलं, गुण कसे मोजत्यात, कडंच्या बाहीर पाय गेला तर काय, आणि पाठ लागली तरी पंच शिट्टी मारस्तवर दाबून धरायचं, सोडायचं न्हाय. बूट घालायला लावले. जलमभर अनवाणी मातीत नाचलेला माणूस, बुटात त्येला पाय कुणा परक्याचे वाटायचे. आणि निवडला की त्येला! परदेशाला जायचं ठरलं. बांगलादेशाच्या लढाईच्या आधीची गोष्ट, उचगावातनं तवा मुंबई बघितलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी, आणि हा इमानात बसणार. स्टेशनवर हलगी वाजवत सोडायला गेलते लोक. वस्ताद एका बाजूला उभा होता, सदा पाया पडला तर एवढंच म्हणला, मातीची लाज राख.

तिथं काय झालं ते मला सदानं सांगितलं, परत आल्यावर, मी धार काढत असताना. तोंड म्हशीकडं करून सांगितलं, माझ्याकडं न्हाय.

समोर तुर्कस्तानचा गडी होता. आधी जिंकलेला, नाव असलेला. आमचा कोण? कुणालाच ठावं न्हाय. गादीवर गेल्यावर सदा सवयीनं खाली वाकला, कपाळाला लावायला माती घ्यायला, आणि हात रिकामाच वर आला, तर लोकं हसली. सदा म्हणला, मला बी हसू आलं आक्का. मग कुस्ती लागली. त्या तुर्कानं ह्येला दोनदा गुडघ्यावर आणला, पण हा सुटायचा, परत भिडायचा, आणि लोकांचं हसणं थांबलं. मग एकानं आरोळी दिली, दुसऱ्यानं दिली, आणि बघता बघता सगळं सभागृह ह्येच्या बाजूनं झालं. भाषा कळत न्हाय, देश कुठला ते ठावं न्हाय, पण बारका गडी दांडग्याला दाद देत न्हाय म्हणल्यावर लोकं पाय आपटून ओरडायला लागली. सदा म्हणला, आक्का, आपल्या खासबागेच्या मैदानात असल्यागत वाटलं, मी कुठं हाय तेच इसरलो.

आणि तिथंच घात झाला बघा. इसरला. ह्येनं ढाक मारली, तुर्क उलटा होऊन पाठीवर आला, दोन्ही खांदे गादीला, धप्प. आणि पाठ लागलेली कळल्या कळल्या माझा भाऊ उठला. उठला आणि हात पुढं केला. पंचाची शिट्टी झालीच न्हवती. डोस्क्याला ठावं होतं की धरायचं, पण अंगाला काय ठावं? अंगाला वस्तादानं शिकवलेलं होतं. त्या तुर्कानं खालनं बघितलं, हात धरला, आणि वडला. सदा तोंडावर आला, तुर्कानं पलटी मारली, वर बसला, आणि शिट्टी झाली. झाली कुस्ती. सगळी लोकं उठून उभी ऱ्हायली, त्या तुर्काच्या नावानं बोंब मारत्यात आणि ह्येच्या नावानं टाळ्या. सदा म्हणला, आक्का, मी पडलेला आणि टाळ्या मला, मला कळंना की ह्यात आता रडायचं का हसायचं.

नंतर कपडे करायच्या खोलीत तो तुर्क आला. एकटाच. बोलणार काय, ह्येची भाषा त्येला न्हाय आणि त्येची ह्येला न्हाय. खाली मान घालून सदाचा हात धरला, तोच हात, आणि आपल्या पाठीवर नेऊन टेकवला. खांद्याच्या खाली, हिथं. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. आणि गेला निघून.

म्हंजे त्येनं कबूल केलं की न्हाय, सांगा तुमी. पाठ लागलती.

दुसऱ्या दिवशी म्हणं बाजारात माणसं ह्येला अडवून फळं हातात द्यायची, पोरं ह्येच्या कुस्तीत फुटलेल्या कानाला हात लावायची. हरलेला असं तिथं कुणी म्हणलंच न्हाय. पण हिथं रेडिओवर एकच वाक्य आलतं, की हरला. कोल्हापुराला काय, पावणं, निकाल म्हंजे निकाल. जाताना हलगी होती, येताना टांगेवाल्यानं तेवढं वळखलं. गावात चावडीपुढं एक आमचा शेजारी, नाव घेत न्हाय, म्हणला, काय सदा, गादीवर झोपून आलास व्हय? सगळी हसली. सदानं सांगायला सुरवात केली, पाठ लागलती, मी उठलो, तर दुसरा म्हणला, हरलेल्याची कुस्ती लई रंगतदार असती बाबा. तवापास्नं सदानं गावात ती गोष्ट काढली न्हाय.

वस्ताद घरी आला. सदानं पाय धरले, म्हणला, वस्ताद, पाठ लागलती. वस्तादानं इचारलं, लागल्यावर उठलास? व्हय म्हणला. हात दिलास? दिला. मग झालं, म्हणला वस्ताद, आणि त्येच्या डोक्यावर हात ठेवला. पण जाताना गोठ्यात आला माझ्याकडं. म्हशीच्या अंगावर हात टेकून उभा, आणि डोळ्यांत पाणी. एवढा कडक माणूस. म्हणला, आक्का, मी त्येला चांगलं शिकवलं ग, पण तेच त्येला नडलं. मी आपलं दूध पुढं केलं, तर पिला न्हाय. पुढं लई दिवस जगला न्हाय वस्ताद. सदा मग तालमीकडं फिरकला न्हाय.

शिरोलीला कारखाने निघाले तवा सदा तिथं फौंड्रीत लागला. ओतकामाला वाळूचे साचे करत्यात न्हवं, ते काम. मी म्हणलं, बरं झालं, मातीतच हाय. तो म्हणला, ही काळी हाय आक्का, हिला वास न्हाय. लगीन कर म्हणलं, तर उद्या बघू, परवा बघू. गप माणूस झाला. कामावर जायचा, यायचा, म्हशीला पाणी दाखवायचा. त्या धुळीनं म्हणा, का आतल्या आत कुढून म्हणा, छाती बसली त्येची. ज्या छातीवर दोन-दोन गडी उभं ऱ्हायचे ती छाती जिना चढताना भात्यागत वाजायला लागली. ते बघणं माझ्या नशिबी होतं. देवानं डोळे का दिले असं वाटायचं मला.

शेवटाला दवाखान्यात होता, मी उशाला. एका दुपारी म्हणला, आक्का, तुला पटतंय न्हवं, पाठ लागलती ते? मी म्हणलं, पटतंय म्हंजे काय, लागलतीच. तर हसला, तसाच, म्हशीची शिंगं धरताना हसायचा तसा. म्हणला, तुझं व्हय चालत न्हाय आक्का. तू माझी भन, त्यातनं तू एक बी कुस्ती बघितली न्हाईस, तू व्हयच म्हणणार. ज्यानं म्हणाय पायजे तो लई लांब हाय. मला लई लागलं ते. सगळं दूध पाजलं, सगळं आयुष्य दिलं, आणि ऐन वक्ताला माझी साक्ष खोटी. पण खरं बोलला की तो. भनीची साक्ष कोण धरतंय?

सदा गेला त्येला आता काही वर्सं झाली. परवा शेजारी टीव्हीवर देशादेशांचे खेळ दाखवत होते, मी दूध घालायला गेलतो, तर सगळी गल्ली जमलेली. कुठल्या तरी गरीब देशाची एक पोरगी पळत होती, पाय मुरगळलेला, सगळ्या पुढं निघून गेल्या, ही लंगडत लंगडत शेवटाला आली, आणि तिथली लोकं उभं ऱ्हाऊन टाळ्या वाजवत्यात, आणि हिथं आमची बी. तो गादीवर झोपून आलास म्हणणारा शेजारी, म्हातारा झाला आता, तो धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता. म्हणला, बघ आक्का, काय जिद्द हाय पोरीची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणलं, रडा, रडा, लांबची हाय म्हणून रडा, उचगावची असती तर लंगडी म्हणून नाव पाडलं असतंत. खोटं बोललो का मी? लांबच्या माणसाला दुबळा गडी लई आवडतोय, कारण त्येच्यासंगं त्येला ऱ्हायचं नसतंय. आमच्या मैदानात बी बारक्यानं दांडग्याला घाम फोडला की लोकं टोप्या उडवत्यात, आणि मग तीच टोपी झटकून डोक्यावर घालून घरला जात्यात. त्या बारक्यानं पुढं काय खाल्लं, कसा जगला, कोण इचारतंय. पण म्हातारा नंतर दारात आला, म्हणला, आक्का, सदाची कुस्ती सांग की एकदा. मी म्हणलं, आता सांगून काय करू, ऐकणारा तू हायस, सांगणारा गेला.

दर चैत्रात मी जोतिबाला जातो. पयलं-पयलं जायचो तवा त्या तुर्काच्या नावानं बोटं मोडायचो, म्हणायचो, देवा, हात दिलेल्याला वडतोय, त्येचा हात झडू दे. सदा रागवायचा मला, म्हणायचा, आक्का, असं म्हणू नको, तो एकटाच खरं बोलला. आता सदा न्हाय, वस्ताद न्हाय, तर मी गुलाल उधळताना देवाला सांगतो, तुर्कस्तानात एक म्हातारा असंल, त्येला लेकराबाळात ठेव, त्येच्या पाठीला दुखणं देऊ नको.

तुमचं हे लिवलेलं कुठवर जातंय मला ठावं न्हाय, पावणं. पण तुर्कस्तानापर्यंत गेलंच, तर त्या म्हाताऱ्याला एवढं कळवा की उचगावचा सदा गेला, आणि त्येची भन म्हणतीया, आता ती कुस्ती तुझ्या एकट्याच्या पाठीवर हाय बाबा, जिवाला जप.